चार बोटं

"चार," तो म्हणाला आणि त्यानं डावा हात वर केला. ट्रॅक्टरची किल्ली अंगठ्यानं तळव्यात दाबलेली, बाकीची चार बोटं ताठ.

"चारच ठेवली होती मागच्या वेळी," ती ट्रॅक्टरखालून म्हणाली. "तरी मैदानाचं वाटोळं झालं ते झालंच."

शेडच्या दारात चाकांच्या खुर्चीत बसलेल्या नवऱ्यानं मान हलवली. अर्धांगाचा झटका येऊन तीन महिने झाले होते. उजवी बाजू गेली आणि शब्द बोटांवर मोजण्याइतके उरले. त्यातला 'चार' मात्र तो ठणकावून म्हणायचा.

शाळेच्या मैदानाचं गवत हा छोटा ट्रॅक्टर बावीस वर्षं कापत आला होता. त्याच्या पोटाखाली पालथ्या परातीसारखा पत्रा आणि त्याच्या आत पाती. पाती किती उंचीवर फिरणार हे ठरवायला सीटशेजारी दांडा होता खरा, पण त्याचे आकडे कधीच पुसले गेले होते, आणि खाचा इतक्या झिजल्या होत्या की दांडा आपल्या मर्जीनं बसायचा. नवरा त्याच्या नादी लागत नसे. किल्ली काढायची, प्लगची वायर सोडायची, खाली शिरून पंजा आडवा धरायचा. करंगळी फरशीला, तर्जनी वर. पातं तर्जनीला टेकेपर्यंत नट फिरवायचा. झालं. टेप त्यानं आयुष्यात लावली नाही.

मागच्या आठवड्यात तिनं पहिल्यांदा हे सगळं केलं, अगदी तसंच. सोमवारी शाळेचा कारकून येऊन गेला. खुर्चीतल्या माणसाची चौकशी केली, चहा घेतला आणि उठता उठता म्हणाला, "वहिनी, मैदानाला टक्कल पडलंय हो. पोरं हसतात. जमत नसेल तर मोकळेपणानं सांगा, दुसरा माणूस बघून ठेवलाय." त्या दिवशी नवऱ्यानं घास तोंडात घेतला नाही. मैदान गेलं तर हा माणूसही खचून जाईल, हे तिला कुणी सांगायला नको होतं.

ती बाहेर आली. गुडघे झटकता झटकता तिचं लक्ष आपल्या पंजाकडे गेलं, मग त्याच्या पंजाकडे.

"अहो, चार कुणाची?"

त्याला कळलं नाही.

"बोटं हो! तुमची चार की माझी चार?"

तो हसला. एकाच बाजूनं, पण हसला. हाताची पाचही बोटं सारखी नसतात, मग नवरा-बायकोची कुठून असणार? तीन महिन्यांत तो पहिल्यांदा हसत होता. मग तिलाही हसू आवरेना.

कोपऱ्यातून तिनं फळीचा तुकडा आणि पेन्सिल आणली. त्याचा उजवा हात मांडीवरून उचलला, कारण तो मापायचा ते त्याच हातानं. आत वळलेली बोटं एकेक करून सरळ केली, फळीवर टेकवली, शेजारी आपली टेकवली.

दोन्ही सारखीच भरली.

रोज पुसत होती ती हा हात, तेल लावून चोळत होती. सुकून आपल्या हाताएवढा कधी झाला हे तिला कळलंच नव्हतं. तिनं हात अलगद होता तिथे ठेवला.

"डावा द्या बरं," ती काहीच झालं नसल्यासारखं म्हणाली.

त्यानं किल्ली मांडीत टाकली आणि हात पुढे केला. हा अजून रुंद होता, राठ होता, जसाच्या तसा. करंगळीखाली एक रेघ, तर्जनीवर दुसरी. तिच्या मापाहून चांगलं अर्धं बोट जास्त.

"कशाला?" त्यानं फळीकडे बघून विचारलं.

"एवढा तुकडा कापून ठेवते. पात्याखाली सरकवला की झालं. दर वेळी तुम्हाला इथे आणून बसवायला नको."

बोलून गेल्यावर तिला आपली चूक कळली.

"हात... आहे ना," तो म्हणाला. शब्द जुळवायला त्याला वेळ लागला. "हा."

"आहे की. नाही कुठे म्हटलंय मी?" ती म्हणाली आणि वर बघावं लागू नये म्हणून करवत चालवू लागली.

तुकडा पडला. ती पुन्हा खाली शिरली, तुकडा पात्याच्या टोकाखाली उभा केला, पुढचे-मागचे नट आवळले. पातं बरोबर त्याच्यावर येऊन टेकलं. बोटांपेक्षा हे सोपं होतं, हात भरून येत नव्हता. तिनं तुकडा काढून घेतला, वायर जोडली, हात पुसले. शाळेला सुट्टी होती. समोर मैदान रिकामं होतं, दवही सुकलं होतं.

"द्या किल्ली."

किल्ली मांडीत नव्हती. डाव्या मुठीत होती.

"अहो, द्या ना. आता नाही पडायचं टक्कल, बघाच तुम्ही."

तो तिच्याकडे बघतच नव्हता. तिच्या हातातल्या लाकडाच्या तुकड्याकडे बघत होता.

"उन्हं चढतील," ती म्हणाली.

मूठ तशीच. ती त्याच्यापुढे खाली बसली, तुकडा जमिनीवर ठेवला आणि मूठ आपल्या दोन्ही हातांत घेतली. मघाशी उजव्याची केली तशी याही हाताची बोटं एकेक करून सरळ करू लागली. एक. दोन. तीन.

चौथ्यात अजून खूप जोर होता.