वरच्या मजल्यावरची बॅग

"आणखी थोडं थांबावं लागेल, मॅडम," विक्रेती म्हणाली आणि ताई पुन्हा खुर्चीत टेकली.

घरी तिला सगळे ताईच म्हणत. इथे मॅडम. आज बॅग मिळाली नाही तर या दुकानाची पायरी पुन्हा चढण्याची ऐपत उरलेली नव्हती. आईच्या बांगड्या गेल्या होत्या, धाकट्या भावाची मोटारसायकल गेली होती. उरलं होतं ते या एका बॅगेपुरतं.

दुकानाची तऱ्हाच न्यारी. खालच्या मजल्यावरचं अत्तर कुणीही घ्यावं. रस्त्यावरून हिंडत आलेल्याच्याही मनगटावर हसून फवारा मारत. चष्म्यांवर तर चक्क सवलत. पट्टे, रुमाल, चपला, पैसे टाका नि उचला. बॅग मात्र नुसत्या पैशाने मिळत नसे. ती मागायचीही नाही. बाकीचं मुकाट घेत राहायचं, आणि विक्रेतीची मर्जी बसली की ती वरच्या खोलीत बोलावणार. गिऱ्हाइकाने दुकानाची मनधरणी करायची, असा सगळा उलटा कारभार.

दीड वर्ष ताईने ही मनधरणी केली. घरात अत्तराच्या बाटल्यांची रांग लागली. आई म्हणायची, "अगं, मोरीत तरी शिंपड. नुसतं बघून काय पोट भरणार आहे?" ताई हसायची, पण रात्री तिचा डोळ्याला डोळा लागत नसे.

विक्रेती पांढरे हातमोजे घालून परत आली. हातात मऊ कापडात गुंडाळलेलं काहीतरी होतं.

"नशीब काढलंत. खरं तर तुमचा नंबर पुढच्या वर्षी लागला असता. पण एका बाईंनी काल ही परत केली. रंग आवडला नाही म्हणाल्या. बाहेरसुद्धा नेलेली नाही त्यांनी."

तिने कापड दूर केलं. दिव्याखाली कातडं उजळलं. ताई बघतच राहिली. काय ती सफाई! टाके कसे शिस्तीत चाललेले.

"नकलांचा त्रास होत असेल ना तुम्हाला?" तिने सहज विचारल्यासारखं विचारलं.

विक्रेती खुदकन हसली. "नकली बॅग दारातून आत आली की मला वास येतो, मॅडम."

ताईने घाईघाईने कार्ड पुढे केलं.

घरी धाकटा दारातच उभा होता. त्याने बॅग घेतली आणि तडक मागच्या खोलीत गेला. तिथे शिलाईचं यंत्र होतं, कातड्याचे तुकडे होते, आणि भिंतीवर याच बॅगेचे मासिकांतून कापलेले फोटो चिकटवलेले होते. फोटो बघून बघूनच तो नकला शिवत आला होता. पण मागच्या खेपेला व्यापाऱ्याने माल निम्म्या भावात घेतला. 'बाहेरून ठीक आहे रे, आतून कुणीही ओळखेल,' तो म्हणाला. 'खरी उसवून बघ. नाहीतर माझ्याकडे येऊ नकोस.' तो व्यापारी गेला की घरातली चूल विझली, हे दोघांनाही माहीत होतं.

"बघ," ताई बॅगेवरून हात फिरवत म्हणाली, "याला म्हणतात काम. आपला माल म्हणजे याच्यापुढे गोणपाट."

धाकट्याचा चेहरा उतरला. ताईला बोलल्याचं वाईट वाटलं, पण आता चुचकारायला वेळ नव्हता.

"जपून हं. एकच आहे."

त्याने पातं घेतलं. अस्तराचे टाके हळूच कापले, कापड मागे सारलं आणि तळाशी बोटं घातली. मग तो थांबला.

"काय झालं?" ताईने विचारलं. "जमणार नाही का आपल्याला?"

धाकट्याने तळाचा पुठ्ठा ओढून काढला आणि तिच्यासमोर धरला. तो कपडे धुण्याच्या साबणाच्या खोक्यातून कापलेला होता.

"ताई," तो म्हणाला, "ही मीच शिवलीय."