रुजू होण्यास समर्थ

“आजारी असल्याचा नको, डॉक्टरसाहेब,” सरकारी कचेरीत नकाशे काढणाऱ्या आरेखकाची पत्नी म्हणाली, “हे बरे झालेत, असा दाखला हवाय.”

शासकीय रुग्णालयातील त्या वृद्ध वैद्यकीय अधिकाऱ्यांनी चाकांच्या खुर्चीकडे पाहिले. त्यांचा जुना रुग्ण तीत बसला होता. बसला होता म्हणण्यापेक्षा ठेवलेला होता. सदऱ्याच्या कॉलरमध्ये मान हरवली होती. दाढी मात्र आज कोणीतरी फार निगुतीने केली होती.

“बाई, ‘काम करण्यास असमर्थ’ असं आजवर मीच लिहीत आलो ना?”

“ते खरंच होतं हो. पण आता वाढवायला रजाच उरली नाही. पगारी संपली, अर्धपगारी संपली, बिनपगारीची मुदतही आज संपते. उद्या दाखला घेऊन हजर झाले नाहीत, तर नोकरी गेली.”

“या अवस्थेत नोकरी ठेवून करणार काय?”

पत्नीने नवऱ्याच्या सदऱ्याची कॉलर उगाच सारखी केली.

“मरणार,” आरेखकच म्हणाला. “नोकरीत असताना मेलो, तर माझ्या जागी मुलीला घेतील. नोकरी गेल्यावर मेलो, तर नुसताच मेलो.”

“अहो, शुभ बोला जरा!”

“अगं, नियम काय मी केला? साहेब, एकदा हजर होऊ द्या. पुढे रजा मागायला येणार नाही, शब्द देतो.”

अधिकाऱ्यांनी लेखणी खाली ठेवली. स्वाक्षरीला ते शपथेचे मोल देत. अनेकांनी अनेक विनवण्या केल्या होत्या. न पाहिलेले त्यांनी कधी लिहिले नव्हते.

“मी पाहिल्याखेरीज लिहीत नाही,” ते अखेर म्हणाले. “त्या दारापर्यंत चालत जा. कोणाचाही आधार न घेता. गेलात, तर लिहीन.”

आरेखकाने खुर्चीच्या हातांवर भार दिला. एकदा तो पुन्हा खुर्चीतच कोसळला. दुसऱ्यांदा उठला. पत्नी मागोमाग निघाली. तिचे दोन्ही हात त्याच्या पाठीपासून बोटभर अंतरावर होते. स्पर्श झाला असता, तर सारे व्यर्थ गेले असते. मध्येच त्याचा तोल गेला, तेव्हा तिने हात पुढे न नेता घट्ट मिटून आपल्याच छातीशी धरले.

तो दाराशी पोहोचला. चौकटीला त्याने कपाळ टेकले.

अधिकाऱ्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला आणि लिहावयास घेतले. स्वाक्षरी झाली, शिक्का उमटला.

“झालं,” ते म्हणाले. त्यांनी दाखला पुढे धरला. “या आता, परत या. बसा.”

आरेखकाने मान वळवली नाही.

“दारापर्यंतच म्हणाला होतात, साहेब. परत यायचं बोलणं झालं नव्हतं.”