भरलेली टाकी

मेलेल्या बापाला नावं ठेवायची, तीही त्याच्याच ट्रकच्या बॉनेटवर चहाचा ग्लास टेकवून, हे प्रथमेशचं वागणं पाहून विनताबाईंना तिडीक यायची.

"बाबांना चालवताच येत नव्हतं, आई. लिटरला तीन किलोमीटर! मी कुंडमहून लाकूड भरून आणून राहिलो, तरी टाकीतलं डिझेल हलत नाही."

विनताबाई शाळेत फारशा गेल्या नव्हत्या, पण या सहा सिलिंडरच्या धुडाची भूक त्यांनी जन्मभर पाहिली होती. चढावर ते डिझेल ढोसायचं, तेव्हा कुठे जोर लावायचं.

आज दुपारी ट्रक परतला, तशी त्यांनीच टाकीत बांबूची पट्टी सोडली. डिझेलचा काटा बिघडल्यापासून घरात हीच रीत होती. पट्टी सकाळसारखीच वरपर्यंत ओली निघाली.

"कुठे भरलं?"

"कुठंच नाही. अन् चढावर गिअरही बदलला नाही."

तो हसत खाली उतरला. एकट्याने टायर बदलणारा गडी, पण शर्ट खांद्यावरून घसरत होता. विनताबाईंनी त्याचं मनगट धरलं, तर त्यांची बोटं एकमेकांवर चढली.

बंद इंजिन गार होताना टक् टक् करत होतं. बोटांखालची नाडी त्याच ठोक्याला पडत होती. दोन ठोक्यांतलं अंतर वाढत गेलं, इंजिनचंही आणि नाडीचंही.

विनताबाईंनी मनगट सोडलं नाही.

"तुझा बाप उधळ्या नव्हता, प्रथमेश," त्या म्हणाल्या. "याला डिझेल पाजत होता, म्हणून घरी येत होता."