एक मिनिट हं

फोन वाजला की बँकवाली आधी ओठ घट्ट मिटून घ्यायची आणि मग बोलायची. ही सवय तिला याच आठवड्यात लावून घ्यावी लागली होती. रुग्णवाहिकांच्या कंट्रोल रूममध्ये 'एक मिनिट' म्हणायला बंदी होती. ज्याच्या तोंडून ते निघेल त्याने अख्ख्या खोलीला चहा करून पाजायचा, असा मोठ्या बाईंचा कायदा होता. बाकीच्यांनी जिभेला कधीच लगाम घातला होता. ही मात्र थेट बँकेच्या हेल्पलाइनवरून आलेली. तिथे 'एक मिनिट हं' म्हणायचं, समोरच्याच्या कानात संगीत सोडायचं आणि आपण खुशाल डबा उघडायचा, असा कारभार. त्यामुळे आठवडाभर सगळ्यांना आयता चहा मिळत होता आणि तिला हे नाव.

"आपल्याला फोन करणाऱ्याकडे मिनिट नसतं," मोठ्या बाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. "गाडी कुठवर आलीय ते सांग, तोवर काय करायचं ते सांग. नुसतं थांबवून ठेवू नकोस."

आज दुपारी मोठ्या बाई नेहमीसारख्या शेजारी बसल्या, पण तिचे फोन ऐकायचा आपला हेडफोन त्यांनी काढून टेबलावर ठेवला. आजपासून तिचे फोन तिचे.

पहिलाच फोन एका सुनेचा होता. सासरे जेवायला बसले होते, घास घशात अडकला, आता आवाज फुटत नाही, खोकताही येत नाही, ओठ निळे पडत चाललेत. घरात ती दोघंच. बँकवालीने पत्ता घेतला, गाडी सोडली आणि सुनेला तसं सांगितलं. गाडी वेळेत पोचेल की नाही हे ती सांगू शकत नव्हती, आणि तिने ते सांगितलंही नाही.

तिने सुनेला सासऱ्यांना पुढे वाकवून पाठीत मारायला सांगितलं. पलीकडून थपथप असा मऊ आवाज आला.

"थोपटू नका. झोपवायचं नाहीये त्यांना. दोन्ही खांद्यांच्या मधे, तळहाताच्या मनगटाकडच्या भागाने, जोरात."

या वेळचे धपाटे बँकवालीच्या कानापर्यंत नीट पोचले. घास मात्र हलला नाही. मग तिने पुढचं सांगितलं. मागे उभं राहायचं, दोन्ही हातांनी मिठी घालायची, बेंबीच्या थोडं वर मूठ ठेवायची, दुसऱ्या हाताने ती पकडायची आणि झटक्याने आत नि वर ओढायची.



"अहो ताई, सासरे आहेत ते माझे. मिठी कशी मारू?"

"नातं नंतर बघू. आत्ता धरा त्यांना."

"एक मिनिट हं," सून म्हणाली आणि फोन टेबलावर आपटल्याचा आवाज आला.

आयुष्यात बँकवालीने हे शब्द हजारो लोकांना ऐकवले असतील. आज पहिल्यांदाच ते कोणीतरी तिला ऐकवून निघून गेलं होतं आणि कानात संगीतही नव्हतं. खुर्ची सरकली. काहीतरी पडून फुटलं. कुकरची शिट्टी झाली. भिंतीवरच्या घड्याळाचा सेकंदकाटा एकेका घरात मुक्काम करत चालला होता.

मोठ्या बाईंचा हात टेबलावरच्या हेडफोनकडे गेला. मग त्यांनी तो मागे घेतला.

"आत आणि वर," बँकवाली फोनमध्ये मोठ्याने म्हणाली. तिकडे कोणी ऐकतंय की नाही, कोण जाणे. तरी तिचा आवाज हलला नाही. "पुन्हा. आत आणि वर. मी इथेच आहे. पुन्हा."

खोलीतले बाकीचे माना न वळवता तिच्याकडे कान लावून बसले होते.

मग तिला एक ओला, घरघरता खोकला ऐकू आला. त्यामागून एक लांबलचक श्वास. तो संपतो न संपतो तोच म्हाताऱ्या गळ्यातून खरखरीत आवाज उमटला, "कुकर बंद कर आधी. करपेल."

सुनेने फोन उचलला तेव्हा ती हसत होती की रडत होती, ते तिलाही सांगता आलं नसतं. घास बाहेर पडला म्हणाली. बोलतायत म्हणाली, रागावतायतसुद्धा. बँकवालीने त्यांना बसवून ठेवायला सांगितलं, खायला-प्यायला काही देऊ नका म्हणाली, पोटावर दाब पडलाय तेव्हा डॉक्टरांनी तपासायलाच हवं म्हणाली. गाडी कोपऱ्यावर वळली होती. दारावरची बेल तिला इथपर्यंत ऐकू आली.

"एक मिनिट हं ताई, दार उघडते."

"उघडा," बँकवाली म्हणाली. "मी थांबते."

गाडीतल्या माणसांचे आवाज घरात शिरल्यावरच तिने फोन ठेवला. जीव भांड्यात पडला होता आणि आनंद आता कुठे हळूहळू वर यायला लागला होता.

खोलीत कुणीतरी मुद्दा काढला, की शब्द दोनदा वापरला गेला आहे, पण वापरणारी बाहेरची, तर कायद्याने चहा कोणाकडे? बँकवाली सवयीने उठायला लागली. मोठ्या बाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला खाली बसवलं आणि कोपऱ्यातली किटली स्वतः उचलली.

"साखर किती घेतेस गं तू? आठवडाभर तूच करतेयस, मला ठाऊकच नाही."

तेवढ्यात फोन वाजला. बँकवालीने ओठ मिटले, हेडफोन सावरला आणि मोठ्या बाईंकडे न बघताच एक बोट वर केलं.

मोठ्या बाई हातात किटली धरून मुकाट्याने उभ्या राहिल्या, बोट खाली येईपर्यंत.