सहा नंबरची चौकट

"आज निकाल लागल्याशिवाय कोणी घरी जायचं नाही," मार्व्हनं तिघांपुढे माशाची ताटं ठेवत बजावलं. "अकरा वर्षं झाली. भिंतीवर आठ जणांचे फोटो आणि शॉर्टस्टॉपची चौकट रिकामी! गिऱ्हाईकं मला हसतात."

तिघांमध्ये तो स्वतःही आला. मतदारच तीन होते: बारचा मालक मार्व्ह, कागद कारखान्यातून निवृत्त झालेला कॅझ आणि बहात्तर वर्षांची व्हर्ना लिंडक्विस्ट. केल्टन हेरन्स हा गावचा बेसबॉल संघ बंद पडून वीस वर्षं उलटली होती. पण दर शुक्रवारी दुपारी, तळलेला मासा आणि कोबीच्या कोशिंबिरीवर, तिघं एकाच गोष्टीवरून भांडत. दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधली ती जागा हेरन्सकडून सगळ्यात चांगली कोणी राखली? कॅझ म्हणे हॉलंड. मार्व्ह म्हणे रुजिएरो. व्हर्ना म्हणे तिचा मुलगा डेल. शेवटी चिठ्ठ्या पडत आणि प्रत्येक नावाला एकेक मत मिळे. इतकी बिनकामाची निवडणूक दुसरीकडे कुठे होत नसेल.

पण सोमवारी व्हर्ना मुलीकडे ॲरिझोनाला चालली होती, कायमची. जाण्याआधी डेलची जागा त्या भिंतीवर पक्की व्हावी, एवढंच तिला हवं होतं. त्याचा फोटो ती दर शुक्रवारी पर्समधून आणायची आणि तसाच परत न्यायची.

"रुजिएरो पुढे मोठ्या संघात गेला," मार्व्हनं सुरुवात केली. "मिलवॉकीत मी स्वतः पाहिलाय त्याला. आता बोला."

"तू गप रे," कॅझ म्हणाला. "हेरन्सचा एक सामना पाहिला नाहीस तू. मैदानावर गोदाम झाल्यावर गावात आलास."

"मग तुमचा हॉलंड तरी काय? सतत लंगडणारा!"

"लंगडत का होईना, नऊ मोसम खेळला."

व्हर्नानं स्कोअरची वही उघडली. निळ्या पुठ्ठ्याची, कडा झिजलेली. सहासष्ट सालचा अख्खा उन्हाळा ती मैदानावर कॅझच्या शेजारी बसून ही वही भरत होती. वहीत शॉर्टस्टॉपच्या जागेचा आकडा सहा. प्रत्येक पानावर सहाच्या पुढे तिच्या बारीक अक्षरात एकच नाव होतं. डेलचा वहीत तेवढाच एक मोसम. व्हिएतनामहून तो परत आला नाही.

"सात मे, मोसमाचा पहिलाच सामना," तिनं बोट ठेवलं. "एकाच चेंडूवर दोघं बाद, असे तीन दुहेरी बळी, तिन्ही डेलच्या हातून सुरू झालेले. त्या वर्षी तुझा हॉलंड कुठे होता रे, कॅझ?"

"गुडघा दुखावला होता त्याचा," कॅझ ताटात बघत म्हणाला. "बाकावर बसून होता. पण तुझ्या डेलनं डुलूथच्या संघाविरुद्ध शेवटच्या डावात काय केलं ते सांग की! सोपा चेंडू पायांतून सोडला पठ्ठ्यानं."

"ऊन होतं डोळ्यांवर."

"ऊन काय त्याच्या एकट्याच्या डोळ्यांवर होतं?"

"तरी चूक लिहिलीच ना मी? आई असून लिहिली! अख्ख्या मोसमात अकरा चुका झाल्या, अकराच्या अकरा मांडल्यात." व्हर्नाचे गाल लाल झाले. "तुझ्यासारखी खोडरबर घेऊन बसत नाही मी."

मार्व्ह खो खो हसला. कॅझ हसला नाही. त्यानं पावाला लोणी लावलं आणि पाव तसाच ठेवून दिला.

व्हर्नानं वही मिटली. "तिकडे त्याला ओळखणारं कोणी नाही," ती हळूच म्हणाली. "लेकीलाही तो धड आठवत नाही, फार लहान होती ती. इथे निदान तुम्ही त्याच्या नावानं भांडता. पंचवीस वर्षं झाली, कॅझ. अजून दार वाजलं की मला तोच आल्यासारखा वाटतो."

 मग मार्व्हनं कागदाच्या तीन चिठ्ठ्या फाडून वाटल्या आणि लिहून झाल्यावर गोळा केल्या.

पहिली निघाली लिंडक्विस्ट. दुसरी रुजिएरो. तिसरी उघडून मार्व्हनं दोनदा वाचली.

"लिंडक्विस्ट," तो म्हणाला. "कॅझ, तुम्ही? तब्येत बरी आहे ना?"

"डुलूथचं सोडलं तर पोरगा बरा खेळला," कॅझ गुरगुरला. "आणि आता तोंड बंद कर, नाहीतर मत बदलीन."

व्हर्ना उठली. रडत होती आणि हसतही होती. तिनं फोटो मार्व्हच्या हातात दिला, कॅझच्या टकलावर ओठ टेकले आणि म्हणाली, "खडूस म्हाताऱ्या, जपून राहा." दारात थांबून तिनं रिकाम्या चौकटीकडे एकदा डोळे भरून पाहिलं आणि गेली.

मार्व्हनं चौकट खाली उतरवली. फोटोत एक उंच मुलगा हेरन्सच्या गणवेशात घराच्या पायरीवर उभा होता.

"कसला स्वच्छ गणवेश आहे! गुडघ्यावर मातीचा ठिपका नाही," मार्व्ह म्हणाला. "खरं सांगा कॅझ, एवढा चांगला खेळायचा?"

"वही बघितलीस ना? मी शेजारीच बसलो होतो."

फोटो चौकटीत बसेना, म्हणून मार्व्हनं फोटोला मागून लावलेला जुना पुठ्ठा सोडवला. फोटोच्या पाठीवर पेन्सिलीनं काहीतरी लिहिलेलं होतं. अकरा वर्षं शुक्रवारच्या चिठ्ठ्यांवर पाहिलेलं कॅझचं अक्षर त्यानं लगेच ओळखलं.

"डेल, लष्कराच्या बसची वाट पाहताना. २० एप्रिल १९६६. गणवेश आज सकाळीच आला. फोटोपुरता घातला."