आमेननंतरचा शब्द

आमच्या पाद्री मर्डोंच्या आजोबांनी या बेटावर पोवळ्याच्या दगडांचं चर्च बांधलं, वडिलांनी आम्हाला प्रार्थना शिकवली. मर्डोंच्या वाट्याला मात्र डोकेदुखी आली. आम्ही ‘आमेन’ म्हणून थांबलो की मागून एक बारीक आवाज आणखी एक शब्द म्हणायचा. तो कुणालाच कळत नसे.

“तीन पिढ्या तुमच्यापायी झिजलो, आणि तुम्ही थट्टा करता?” मर्डो ओरडायचे.

“आम्ही नाही, मिसी,” म्हातारा नालाऊ म्हणायचा; पाद्रीला आम्ही मिसीच म्हणतो. “आमच्यात इतकं सुरात कोण बोलतं?”

एका रविवारी वैतागून त्यांनी आम्हा सगळ्यांना बाहेर काढलं, दार लावलं आणि एकट्यानेच प्रार्थना म्हटली. आम्ही अंगणात उभे राहून ऐकत होतो. त्यांचं ‘आमेन’ झालं.

मग आतून, पोवळ्याच्या भिंतींमधून तो शब्द आला, शंभर गळ्यांतून.