एकशे चाळिसावा देह

रणांगणावर एकशे चाळीस मृतदेह पडले होते आणि त्यांपैकी एकशे एकोणचाळीस श्वास घेत होते.

ऊर्मिलाने पुन्हा मोजणी केली. आकडा बदलला नाही.

चित्रपटांची दृश्ये संगणकावर दुरुस्त करणाऱ्या फ्रँकफर्टच्या त्या व्हीएफएक्स कंपनीत हे नेहमीचे काम होते. चित्रपटात मेलेल्या माणसांच्या छात्या हलतात. त्या संगणकावर थांबवाव्या लागतात. हे दृश्य मार्चमध्ये एका बंद दगडखाणीत टिपले होते. चार मिनिटे दहा सेकंदांचा एकच सलग शॉट. त्यानंतर आणखी दोन शॉट झाले. साडेबाराला सर्वांना उठायला सांगितले, तेव्हा एक जण उठला नाही. चित्रण बंद पडले आणि श्वास पुसण्याचे काम सुरूच झाले नाही.

न उठलेले गृहस्थ म्हणजे वासुदेव. लुडविग्सहाफेनमध्ये एकतीस वर्षे इंजिनिअर, नंतर निवृत्त, हौसेने चिलखत घालून आलेले. त्यांची मुलगी स्पृहा ऊर्मिलाच्या हाताखाली काम करीत असे. आत्ता ती शेजारच्या खुर्चीवर, पडद्याकडे पाठ करून बसली होती.

"सापडले?" तिने विचारले.

"हो. पुढे, डावीकडून तिसरे."

"पुढे? बाबा मागच्या रांगेत होते ना?"

"दिग्दर्शकांच्या सहायकाने ऐन वेळी जागा बदलली. त्याच्या यादीत तशी नोंद आहे. शिरस्त्राण घातल्यावर सगळे सारखेच दिसतात."

स्पृहाने मान हलवली. "सकाळी गाडीत काय खुशीत होते, ताई. म्हणाले, एकतीस वर्षं मीटिंगमध्ये जर्मन चुकत आलो, आज पहिल्यांदाच एकही संवाद नाही."

ऊर्मिलाने शॉट पुन्हा पहिल्या फ्रेमवर आणला.

"आई रोज तेच विचारते," स्पृहा म्हणाली. "ह्यांनी कुणाला हाक मारली असेल का गं? डॉक्टरांनी लिहिलंय, हृदय बंद पडलं, अकरा ते साडेबाराच्या दरम्यान. मी म्हटलं, लगेच गेले असतील. तर म्हणाली, असतील म्हणजे काय? इंजिनिअरची मुलगी ना तू? बघून सांग. पण मला तो शॉट बघवत नाही."

"म्हणून मी बघतेय."

ऊर्मिला मूळची भौतिकशास्त्राची. नव्या मुलांना ती पहिल्याच दिवशी सांगे की पडद्यावरची भव्यता ही भावना नव्हे, ते मेंदूने घेतलेले माप आहे. मोठ्या वस्तू सावकाश हलतात: ढग, जहाज, कोसळणारा मनोरा. फ्रेममध्ये एखादी लहान गोष्ट चटकन हलली की डोळा तिच्यावरून माप घेतो आणि दरी अंगणाएवढी होते. सैन्य दहा हजारांचे असो वा शंभराचे, फरक पडत नाही. लहान काही हलता कामा नये.

"तुमचं ते वाक्य दिग्दर्शकांनी खाणीतल्या आमच्या तंबूत चिकटवलं होतं," स्पृहा म्हणाली. "दर शॉटनंतर त्याच्याकडे बोट दाखवायचे. गेनाऊ, अगदी बरोबर, लहान काही हलता कामा नये!"

"तू तंबूतच होतीस?"

"सकाळपासून. बाबांपासून शंभर मीटरवर. आणि मला पत्ता नाही."

ऊर्मिलाने वासुदेवांच्या छातीवरचा चौकोन निवडला आणि पहिल्या फ्रेमपासून शेवटच्या फ्रेमपर्यंत फरक मोजला. तो शून्य होता.

"ऐक. सहायकाच्या नोंदीप्रमाणे त्याने शिरस्त्राणाचा पट्टा बांधला तो अकरा वाजून एक मिनिटाने. तेव्हा ते त्याच्याशी बोलले. कॅमेरा अकरा सहाला सुरू झाला. पहिल्या फ्रेमपासून श्वास नाही."

"म्हणजे?"

"पाच मिनिटांच्या आत सगळं संपलं. आजूबाजूच्या कुणाला कळलंही नाही, म्हणजे धडपड नसावी."

"नसावी?"

"शॉटपुरतं नक्की सांगते. ते जरासुद्धा हलले नाहीत."

स्पृहाने दोन्ही हातांनी तोंड झाकले. मग तिने फोन उचलला आणि तिथेच बसून घरी लावला.

"आई, ताईंनी मोजून बघितलं. बाबा हललेसुद्धा नाहीत. झोपल्यासारखे गेले."

पलीकडे तिची आई, प्रभाताई, होत्या. त्यांचा आवाज ऊर्मिलालाही ऐकू आला. "बरं झालं गं. आता भात टाकते. सकाळपासून काही खाल्लं नाही मी. तू लवकर ये."

स्पृहाने डोळे पुसले, कोट घातला आणि ऊर्मिलाचा हात घट्ट दाबून ती घरची लोकल, एस-बान, पकडायला गेली.

ऊर्मिला एकटी उरली. शून्य हे उत्तर तिला आवडत नसे. कोणत्याही मोजमापात थोडा गोंधळ असतोच. तिने चौकोन मोठा करून पुन्हा मोजले.

वासुदेवांच्या खांद्याजवळ गवताचा एक झुबका होता. त्या दिवशी खाणीत वारा होता. बाकी एकशे एकोणचाळीस जणांभोवतीचे गवत हलत होते. हा झुबका चार मिनिटे दहा सेकंद स्थिर होता.

मृत्यू श्वास थांबवतो. वारा थांबवत नाही.

तिने फाईलचा उगम तपासला. ती कॅमेऱ्यातली नव्हती. दिग्दर्शकांना जागेवरच दाखवण्यासाठी तंबूत तयार केलेली प्रत होती. मूळ चित्रण सर्व्हरवर निराळ्या ठिकाणी होते. ते तिने उघडले.

डावीकडून तिसरा सैनिक श्वास घेत होता. दुसऱ्या मिनिटाला त्याने उजवा हात वर केला. थोड्या वेळाने पुन्हा केला. एकूण सात वेळा. शेवटच्या वेळी फक्त बोटे उचलली गेली.

तंबूतल्या प्रतीला कामाची नोंद जोडलेली होती. ऊर्मिलाने ती वाचली.

"अकरा वाजून एकोणीस मिनिटे. पुढे डावीकडून तिसरा सारखा हात हलवतो, माप बिघडते. त्याच्यावर स्थिर फ्रेम चढवली. पुन्हा चित्रण करण्याची गरज नाही. स्पृहा."